माणूस निघालाय

"जरा सरकता का?" एवढंच मी म्हटलं होतं. रविवारची सकाळ, बायकांची बॅच, तलावाचा उथळ भाग. कठड्याला धरून एक पिवळ्या टोपीवाली बाई पाय मारत होती आणि तिच्या पायांचं पाणी थेट माझ्या तोंडावर उडत होतं. ती थांबली. गॉगल कपाळावर चढवला आणि माझ्याकडे न बघता, मान किंचित तिरकी करून, दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारल्यासारखी ऐकत राहिली. मग म्हणाली, "परत बोला बरं काहीतरी." "मला बोलायचं नाहीये," मी म्हटलं, आणि तेवढ्यानं तिचा चेहरा उजळला. "तुम्हीच त्या. लिफ्टवाल्या." आठवड्यातून एक तास माझ्या कानांत पाणी असतं. तेवढा तास मला कुणी ऐकू येत नाही आणि मी कुणाला ऐकू जात नाही. त्या तासात ही बाई शिरली, न्हाणीघराचं दार न वाजवता कुणी आत यावं तशी. आणि वर हसत होती.

काम सांगायला सोपं आहे. लिफ्टमध्ये एक लाल बटण असतं. माणसं अडकली की ते दाबतात आणि तो फोन आमच्या खोलीत वाजतो. चार खुर्च्या, चार हेडसेट, आणि खिडकी एकच, तीही साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये. अकरा वर्षं मी तिथे बसते. अडकलेला माणूस पहिल्या वाक्यात ओरडतो. दुसऱ्यात मला शिव्या देतो, कारण त्याच्या हाताशी त्या वेळी दुसरं कुणी नसतं. तिसऱ्यात विचारतो, किती वेळ लागेल. आणि नेमकी तीच गोष्ट सांगायची आम्हाला मनाई. वेळ सांगितली की ती रेकॉर्ड होते, उद्या कुणीतरी लेखी तक्रारीत ती आपल्या तोंडावर मारतं, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून एक वाक्य ठरवून दिलेलं: माणूस निघालाय. मी लागले तेव्हा ते बहुतेक वेळा खरं असायचं. पाच मेकॅनिक होते. एक निवृत्त झाला, एक सोडून गेला, एकाला कमी केलं. तिन्ही जागा तशाच राहिल्या. अर्ध्या शहराच्या लिफ्टना आता दोन माणसं. वाक्य मात्र तेच. बाकीच्या तिघी ते वाक्य कोरडं म्हणून टाकतात, पाटी वाचल्यासारखं. मला तसं जमलं नाही. मी त्याला हातपाय लावले. निघालाय, पुलापाशी आलाय, सिग्नलला थांबलाय, मोठी निळी टोपी घालतो तो, ओळखाल तुम्ही. कुठून सुचायचं देव जाणे. माणसं शांत व्हायची. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं मला 'सर्वांत धीर देणारा आवाज' म्हणून प्रमाणपत्र दिलं, सोबत कुंडीतलं एक झाड. झाड महिन्याभरात वाळलं. खोलीत ऊनच येत नाही.

मग दाढ तुटली. काही कडक खाताना नव्हे, दहीभाताइतकं मऊ काहीतरी तोंडात असताना. दाताच्या डॉक्टरनं आरसा आत घालून पाहिलं आणि म्हणाला, "झोपेत दात खाता तुम्ही. बऱ्याच वर्षांपासून." दात-ओठ खाणे, या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा, असं शाळेत असायचं. मी कुठल्यातरी राजाबद्दल वाक्य लिहिलं होतं. माझा राग मलाच झोपेत, माझ्या नकळत, एक एक दात करून खातोय हे त्या खुर्चीवर तोंड वासून पडलेली असताना कळलं, आणि त्याचाही राग आला. डॉक्टर म्हणाला, कामाचा ताण आहे, काहीतरी छंद लावून घ्या. सगळेच तेच म्हणत होते. छंद. जणू माझ्यात एक भोक पडलंय आणि त्यात छंदाचा बोळा कोंबला की गळती थांबेल. नवरा शाळेत भूगोल शिकवतो, त्याच्या आवाजाला अजून कुणी प्रमाणपत्र दिलेलं नाही, तो म्हणाला, झाडं लाव. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ऑफिसनं ताणमुक्तीचं शिबिर घेतलं, तेही सुट्टीच्या दिवशी, हजेरी सक्तीची. पांढऱ्या कपड्यांतला एक गुळगुळीत इसम आला, प्रत्येकीच्या हातात स्पंजचा चेंडू दिला आणि म्हणाला, राग आला की हा दाबा. चेंडूवर हसरा चेहरा होता. मी इतका दाबला की त्याचं तोंड मागे गेलं. इसम म्हणाला, "छान. आता सोडून द्या." काय सोडून द्या? ज्याच्यामुळे राग येतो ते साहेबांच्या रूपानं पलीकडच्या खुर्चीवर पाय पसरून बसलं होतं आणि मोबाइल बघत होतं.

पोहणं मला कुणी सुचवलं नाही. म्हणूनच मी ते निवडलं असेल. शेचाळिसाव्या वर्षी, शाळकरी पोरींच्या रांगेत, कंबरेएवढ्या पाण्यात उभी राहून मी फुगे सोडायला शिकले. कोचबाई जाडजूड, गळ्यात शिट्टी, दया नावाला नाही. त्यांनी माझं डोकं धरून खाली दाबलं आणि म्हणाल्या, "श्वास सोडा, विचार नंतर करा." तिसऱ्या का चौथ्या रविवारी मला शोध लागला की पाण्याखाली ओरडता येतं. तोंड उघडायचं आणि सगळं बाहेर काढायचं. वर नुसते बुडबुडे येतात, आणि बुडबुड्यांवरून कुणी ओळखत नाही. मी साहेबांच्या नावानं ओरडले. बँकेच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या त्या माणसाच्या नावानं, ज्यानं मला पाच मिनिटांत सतरा शिव्या मोजून दिल्या आणि बाहेर आल्यावर आभाराचा एक शब्द नाही. त्या हसऱ्या चेंडूच्या नावानं. रुंदी पोहून जायला मला पंधरा वेळा तोंड पाण्यात घालावं लागतं. पंधरा वेळा मी ओरडत असे. "बाई, हवा वाया घालवताय," कोचबाई काठावरून म्हणायच्या. हवा वाया नव्हती जात. सोमवारी मला बोलता येईल एवढी जागा छातीत त्यामुळेच व्हायची. आणि आता त्याच पाण्यात ही पिवळी टोपी माझ्यासमोर उभी राहून म्हणत होती, "मी तुम्हाला किती शोधलं. कंपनीत फोन केला, पण नाव सांगत नाहीत म्हणे."

ती सांगत होती आणि मला आठवत होतं. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं, आणि दोन्ही जुळत नव्हतं. सात महिन्यांपूर्वी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, ती आणि तिची आई चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकल्या. दिवे गेले, पंखा बंद. आई शहात्तर वर्षांची, दमेकरी. "आणि मग तुमचा आवाज आला," पिवळी टोपी म्हणाली, "आणि आई पहिल्यांदा नीट श्वास घ्यायला लागली." मला आठवत होतं की मी हेडसेटवर हात ठेवून काचेच्या दारात गेले आणि म्हटलं, दोन बायका आहेत, एक म्हातारी, दम्याची. साहेबांनी मान वर केली नाही. त्या दिवशी नव्या उंच इमारतीचं उद्घाटन होतं, मोठे लोक येणार होते, आणि लिफ्ट ऐन वेळी अडकायला नको म्हणून आमचे दोन्ही मेकॅनिक सकाळपासून तिथे धुतलेले कपडे घालून उभे होते. मी म्हटलं, एकाला तरी काढा. ते म्हणाले, "फीत कापून होऊ दे. तोवर बोलत राहा तुम्ही. तुम्हाला जमतं ते." पिवळी टोपी म्हणाली, "तुम्ही आईला विचारलंत, तुम्ही काय करायचात. ती म्हणाली, शिवणकाम. तुम्ही विचारलंत, शर्टाची कॉलर कशी बसवतात. अंधारात पंधरा मिनिटं ती तुम्हाला कॉलर शिकवत होती, मला हसू येत होतं हो." हसू. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता तेव्हा. मधूनमधून मी म्हणत होते, माणूस निघालाय, पुलावर एक ट्रक आडवा झालाय, तो चालत येतोय आता, धावत येतोय. ट्रक नव्हता. कुणी धावत नव्हतं. चाळिसाव्या मिनिटाला फीत कापली गेली आणि मग एक माणूस निघाला. बावन्नाव्या मिनिटाला दार उघडलं. "तुमच्यामुळे आई वाचली," पिवळी टोपी म्हणाली आणि पाण्यातच तिनं माझा हात हातात घेतला. शिव्या मला खाता येतात. अकरा वर्षांत त्यांची सवय होते, त्या माझ्या नसतात, आवाजाच्या असतात. पण हे आभार थेट माझे होते, आणि ते मला चिकटले शेवाळासारखे. मी हात सोडवून घेतला.

तरी तिचं संपलं नव्हतं. त्या दिवसापासून आई घराबाहेर पडलेली नाही, ती म्हणाली. सहावा मजला, लिफ्टमध्ये पाऊल घालत नाही, जिने तिला झेपत नाहीत. खिडकीत बसून असते. डॉक्टर घरी आणावा लागतो. "तिला एकटं ठेवून मी एवढा एक तास येते, नाहीतर मला वेड लागेल. तुम्ही एकदा घरी याल का? तुमचा आवाज सोबत असेल तर ती बसेल लिफ्टमध्ये. माझी खात्री आहे. फक्त खाली नेऊन परत वर." तिनं हे अशा सुरात म्हटलं की जणू शेजारणीकडून सुई-दोरा मागतेय. मी म्हटलं, "आज माझी सुट्टी आहे." ती म्हणाली, "आज नाही हो, कधीही." मी म्हटलं, "कधीही नाही." आणि खाली डुबकी मारली. तळाशी निळ्या फरश्या दिसत होत्या. तोंड उघडलं, आणि काही बाहेरच येईना. कुणाच्या नावानं ओरडायचं ते कळेना. नाकात पाणी गेलं, ठसका लागला, कोचबाईंनी दंडाला धरून मला काठावर काढलं. "आज काय झालं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. पिवळी टोपी लांब उभी राहून काळजीनं बघत होती. तिची काळजी बघून मला आणखी चीड आली. माझा एकुलता एक तास गेला होता, आणि तो हिनं नासवला होता, आणि तिची काहीही चूक नव्हती. चूक नसलेल्या माणसावर रागावण्याइतकं दमवणारं काही नाही.

आठवडाभर मी घरात भांडी आपटली. मेथी निवडल्यासारखा एकेक शब्द निवडून नवऱ्याशी भांडले. टॉवेल ओला का, दिवा चालू का, तू इतका शांत का. बुधवारी त्यानं वह्या तपासायच्या बाजूला ठेवल्या आणि म्हणाला, "झालंय काय ते सांग." मी सांगितलं. तो म्हणाला, "मग जाऊन ये ना. अर्ध्या तासाचं तर काम." काम. मी म्हटलं, "तुला सुट्टीच्या दिवशी कुणी म्हटलं, या आणि फुकट नद्या शिकवा, तर जाशील?" तो म्हणाला, "गेलो असतो बहुतेक." आणि तो खरंच गेला असता, हाच तर माझ्या संसाराचा वैताग आहे. मग मी त्याला ट्रकची गोष्ट सांगितली, फितीची सांगितली. हे मी घरात कधी सांगितलं नव्हतं. तो बराच वेळ लाल पेनाचं टोपण काढत-लावत बसला. मग म्हणाला, "मलाही तू तेच सांगतेस. संध्याकाळी फोन केला की म्हणतेस, निघाले मी. आणि तासाभरानं निघतेस." हे त्यानं चिडून म्हटलं नाही, नेहमीच्या सुरात म्हटलं, उत्तरेला डोंगर आहेत म्हणावं तसं. "मग विचारत का नाहीस?" मी म्हटलं. "काय विचारायचं? तुझ्या आवाजावरून खरंच वाटतं." तो पुन्हा वह्यांकडे वळला. मी बेसिनपाशी जाऊन नळ सोडला आणि तसाच वाहू दिला. त्या क्षणी मला माझा गळा काढून त्या बेसिनमध्ये ठेवावासा वाटला.

पुढच्या रविवारी मी तलावावर गेले पण पाण्यात उतरले नाही. पिवळी टोपी कपडे बदलून बाहेर आली, टोपीशिवाय ती फारच थकलेली दिसत होती. मी म्हटलं, चला. वाटेत ती बोलत होती, मी नाही. त्यांच्या इमारतीत शिरताना मी लिफ्टच्या दारावर आमच्या कंपनीची पट्टी पाहिली. अकरा वर्षं मी या दारांशी बोलत होते आणि एकही धड पाहिलं नव्हतं. करड्या रंगाचं, खालच्या कोपऱ्यात चेपलेलं, कुणीतरी किल्लीनं दोन अक्षरं कोरलेलं. आत तिघा माणसांची जागा. मी त्यात उभी राहिले आणि लाल बटण माझ्या खांद्याशी आलं. वर जाईपर्यंत मी श्वास घेतला नाही. आई खिडकीपाशी बसल्या होत्या, बारीक, ताठ, डोळ्यांवर जाड भिंगं, मांडीवर कुणाचातरी शर्ट. मी नुसतं "आले मी" म्हटलं आणि त्यांनी सुई टोचून ठेवली. "अगं, तू होय. ये, इथे बस, माझ्याजवळ. हिनं सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना. कॉलर बसवलीस का कधी?" त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला; बोटांची टोकं सुयांनी खडबडीत झालेली. त्या मला अगं-तुगं करत होत्या आणि मला ते सहन होईना. पिवळी टोपी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. मी म्हटलं, "आई, मला एक सांगायचंय. त्या दिवशी माणूस निघाला नव्हता."

त्यांना आधी कळलं नाही. मी सगळं सांगितलं, ट्रक नव्हता, पूल नव्हता, धावत कुणी येत नव्हतं, चाळीस मिनिटं दोघं जण एका फितीपाशी उभे होते आणि मला ते पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज थांबला. आई म्हणाल्या, "आणि कॉलर?" खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी, सवयीनं उघडतं ते. "कॉलर मला कधीच बसवायची नव्हती," मी म्हटलं. "तुम्ही बोलत राहावं म्हणून विचारलं." पिवळी टोपी दारात आली होती. "हे सांगायची काय गरज होती तुम्हाला?" ती म्हणाली. "आमच्याकडे त्या दिवसातली एवढी एकच चांगली गोष्ट होती." आईंनी हात वर करून तिला गप्प केलं. शर्टाची घडी घातली, चष्मा काढून पुसला, परत लावला. आणि मग त्या मला तुम्ही म्हणाल्या. "मी उभी होते, ठाऊक आहे तुम्हाला? बावन्न मिनिटं. ही म्हणत होती, आई, खाली बस. मी म्हटलं, कशाला, आलाच तो, बाई म्हणतायत ना, धावत येतोय, दार उघडलं की पटकन बाहेर पडू. दाराच्या फटीला हात लावून उभी होते. हे गुडघे घेऊन. तुम्ही सांगितलं असतंत की पाऊण तास लागेल, तर मी काय मेले असते? खाली बसले असते. अंगातला स्वेटर खाली अंथरून बसले असते जमिनीवर, भिंतीला टेकून. दोन महिने अंथरुणात होते मी त्यानंतर, सूज उतरेना. ही म्हणते, आईला भीती बसलीय. भीती कसली? मला राग येत होता. पण कुणाचा ते कळत नव्हतं. लिफ्टचा कसा येणार राग, ती पत्र्याची. तुमचा तर येणंच शक्य नव्हतं, तुम्ही तर देवमाणूस." त्या थांबल्या, श्वास घ्यायला. छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. धीर देणारं एक वाक्य जिभेवर तयार होतं, अगदी मऊ, आणि मी ते गिळलं.

"स्टूल आण," त्या लेकीला म्हणाल्या. "घडीचं. मला खाली जायचंय." लेक म्हणाली, "आता? अशी? चिडलेली असताना?" "चिडलेली आहे म्हणूनच. नंतर धीर होणार नाही." मी उठायला लागले तर म्हणाल्या, "तुम्हीही चला. पण बोलू नका." लिफ्टच्या दाराशी त्या क्षणभर थांबल्या, त्यांचा हात भिंतीवरून फिरला आणि मला वाटलं परत फिरतील. मग स्वतःच स्टूल आत ठेवलं, मधोमध, आणि त्यावर बसल्या, माझ्याकडे पाठ करून. पांढऱ्या केसांचा छोटासा अंबाडा, मानेवर दोन मण्यांएवढी हाडं. लेकीनं बटण दाबलं. सहा, पाच. पाच आणि चारच्या मध्ये लिफ्ट किंचित हेलकावली, नेहमीच हेलकावत असेल, आणि लेकीनं माझं मनगट घट्ट धरलं, रागात असूनही. आई हलल्या नाहीत. "अडकली तर अडकली," समोरच्या पत्र्याला त्या म्हणाल्या. "बसलेय मी." खाली आल्यावर त्या भिंत धरत फाटकापर्यंत चालल्या, स्टूल उन्हात मांडायला लावलं आणि रस्त्याकडे बघत बसल्या. सायकलवरून एक पोरगी गेली, एक कुत्रं लंगडत गेलं, समोरच्या दुकानाचा रंग बदलला होता. त्या प्रत्येक गोष्ट हिशेब घेतल्यासारखी बघत होत्या. बऱ्याच वेळानं माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "तुमचं काम झालं. जा आता." मी थोडा वेळ उभी राहिले. मला वाटत होतं त्या आणखी काही म्हणतील, निदान चहा घेतलात का, एवढं तरी. माणसाची हाव बघा. मी चालू पडले.

घरी जाताना मी इतकी भरभर चालत होते की माणसं बाजूला होत होती. सात महिने ती बाई कुणावर रागवायचं ते न कळून खिडकीत बसली होती, आणि मी अकरा वर्षं माझा राग पाण्यात, उशीत, स्पंजच्या चेंडूत जिरवत होते. सोमवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी पहिला फोन आला. एक माणूस, ऑफिसला उशीर झालेला. ओरडला, शिव्या दिल्या, विचारलं किती वेळ. मी यादी पाहिली. दोन्ही मेकॅनिक कामात होते. "माणूस अजून निघालेला नाही," मी म्हटलं. "एक जण मोकळा झाला की पाठवते. पस्तीस मिनिटं धरा." मग त्यानं मला अशा काही शिव्या दिल्या की शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं माझ्या हेडसेटकडे वळून पाहिलं. मी ऐकल्या. या वेळी त्या माझ्याच होत्या, आणि आश्चर्य म्हणजे त्या तितक्या लागल्या नाहीत. मग तो धापा टाकत म्हणाला, "म्हणजे मला मीटिंग रद्द करायला हवी." "हो," मी म्हटलं, "करून टाका." चार दिवस मी हेच करत राहिले. वीस मिनिटं, पन्नास मिनिटं, एकदा सव्वा तास. सव्वा तासवाली रडली. मी तिला म्हटलं नाही की रडू नका. गुरुवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असताना, साहेबांनी मला आत बोलावलं.

साहेब माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, केस नीट कापलेले, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघतात. टेबलावर माझ्या फोनांची यादी होती, पिवळ्या शाईनं रंगवलेली. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पुढे झुकले आणि हळुवार आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही थकला आहात. मला समजतंय. अकरा वर्षं थोडी नाहीत. आठ दिवस सुट्टी घ्या. कुठेतरी जाऊन या, मन रमवा. पोहायला जाता ना तुम्ही? छान छंद आहे. परत आलात की सगळं पहिल्यासारखं होईल." तो आवाज मी ओळखला. तो माझा होता. माझ्याच फोनांची रेकॉर्डिंग ऐकून ते शिकले असतील. तोच मऊपणा, वाक्याच्या शेवटी तसाच किंचित खाली उतरलेला सूर. मला कुणीतरी लिफ्टमध्ये कोंडलं होतं आणि बाहेरून सांगत होतं, घाबरू नका. माझे दात एकमेकांवर आले. मी जबडा हातानं धरून उघडला, अक्षरशः, आणि म्हटलं, "मला सुट्टी नकोय. मला तिसरा मेकॅनिक हवाय." ते कपाळाकडे बघत हसले. "तो माझ्या हातात नाही." "मग कुणाच्या हातात आहे त्याला फोन करा. मी बसते इथे." "मॅडम, असं नसतं." "कसं असतं?" मी म्हटलं. "सुट्टीत मी बरी व्हायचं आणि सोमवारी परत येऊन तुमच्यासाठी खोटं बोलायचं, असं असतं?" माझा आवाज चढला होता. या खोलीत तो कधीच चढला नव्हता. काच किंचित थरथरल्यासारखी वाटली, किंवा तो माझा भास असेल.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. माझ्याच खुर्चीवरचा, लाल दिवा लागला, म्हणजे लिफ्टमधून. साहेब म्हणाले, "जा, घ्या." आवाजात सुटका होती. मी उठले, केबिनचं दार उघडलं आणि ते तसंच धरून उभी राहिले. "तुम्ही घ्या," मी म्हटलं. फोन वाजत होता. चार वेळा, पाच वेळा. रेकॉर्ड होत होतं, घंटा मोजल्या जात होत्या, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. सातव्या घंटेला ते उठले, माझ्या अंगावरून पुढे गेले, माझ्या खुर्चीवर बसले आणि हेडसेट डोक्याला लावला, उलटा. मी तो सरळ करून दिला. पलीकडून एक पुरुष ओरडत होता, मला उभ्या जागी ऐकू येत होतं. त्याच्याबरोबर कुणी लहान मूलही होतं, ते रडत होतं. साहेबांनी माइकवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा कपाळाकडे नाही, डोळ्यांत. "किती वेळ लागेल विचारतोय." मी यादी त्यांच्यासमोर सरकवली. दोन नावं, दोन्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी ती दोनदा वाचली, तिसरं नाव कुठेतरी असेल अशा आशेनं. मग हात काढला आणि खूप हळू म्हणाले, "पाऊण तास." पलीकडून शिव्या सुटल्या. त्यांचे कान पाळ्यांपासून लाल होत गेले, मान लाल झाली, नीट कापलेल्या केसांच्या कडेला घाम दिसायला लागला. दोन मिनिटं त्यांनी ऐकलं. मग त्यांचा हात हेडसेट काढायला वर गेला.

"ठेवू नका," मी म्हटलं. "अजून त्रेचाळीस मिनिटं आहेत."